समुद्राला जाताना नेलेलं पाणी

काल दुपारी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला. ‘सध्याची दुष्काळी परिस्थिती पाहता महिला मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, योग्य निर्णय. कुणी लिहिलं, अशा वेळी गाणी शोभत नाहीत. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मला असा राग आला की रक्तदाबाची सकाळची गोळी फुकट गेली.

बाहेर गल्लीत टँकर लागला होता. लातूरच्या माणसाला टँकरचा आवाज झोपेतही कळतो. आधी गिअर बदलल्याची घरघर, मग पत्र्याच्या टाकीत हिंदकळणारं पाणी, आणि मग बायकांचा गलका. पाइप कुणी आधी टाकला यावरून भांडण जुंपलं होतं. टँकरखाली सांडलेल्या पाण्यानं तेवढीच माती भिजली होती आणि तिचा वास खिडकीतून आत येत होता. हा वास मला चाळीस वर्षं मागं नेतो. त्या वेळी मी रांगेत होते, माझ्यापुढं द्वारका होती, आणि आम्ही दोघी कडक उन्हात समुद्राबद्दल बोलत होतो.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. म्हणजे जिल्हा झाला होता, पण त्याला बसायला जागा नव्हती. आमचं कार्यालय एका भाड्याच्या घरात थाटलेलं. दारावरच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं होतं आणि ऊन कलतं झालं की खालचं जुनं नाव पुन्हा दिसायचं. ट्रकनं फायली आल्या, कपाटं आलीच नाहीत. आम्ही कारकून बायका फायलींच्या गठ्ठ्यांवर बसून डबे खायचो. मी नांदेडहून बदलून आलेली आणि द्वारका अर्धापूरची, केळीच्या बागायतदाराची लेक. तिचं नाव ऐकून साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “काय हो, नाव द्वारका, समुद्र पाहिलाय का कधी?” ती म्हणाली होती, “न्हाई साहेब. पण बगणार हाय.” साहेब हसले. ती हसली नाही.

आमची मैत्री खोली शोधताना झाली. एका घरी दोघींना मिळून खोली पसंत पडली, भाडं ठरलं, गाद्या आत गेल्या. मग घरमालकीणबाईंनी चहाचं आधण ठेवता ठेवता आडनावं विचारली. द्वारकानं सांगितलं. मी सांगितलं. माझ्या आडनावावरून जे कळायचं ते त्यांना कळलं. आधण खाली उतरलं. त्या म्हणाल्या, खोली खरं तर पुतण्यासाठी ठेवायची होती, मी विसरलेच. मला अशा विसराळू बायकांची सवय होती. मी माझी वळकटी उचलली. दाराबाहेर येऊन पाहते तर मागं द्वारका, डोक्यावर गादी घेऊन.

“तू कामून निघालीस? तुला देऊन राहिली ना ती,” मी म्हणाले.

“मला पुतण्याच्या खोलीत न्हाई ऱ्हायचं,” ती म्हणाली. “चल बिगी, गादी लई जड हाय.”

यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. पुढं एका शिंप्याच्या घरामागं खोली मिळाली आणि शिवणयंत्राच्या आवाजात आमचा संसार सुरू झाला.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आधीच्या वर्षी निम्मा आला होता. विहिरी तळाला गेल्या, मग तळही वाळले. द्वारकाच्या वडिलांच्या बागेत केळीची खोडं उभ्या उभ्या पिवळी पडली. आमच्या कार्यालयात दुष्काळी कामांचे हजेरीपट येऊन पडायचे आणि दिवसभर तेच काम. संध्याकाळी खोलीवर आलं की घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. रांगेत माणसांऐवजी भांडी उभी असायची. ज्याचा हंडा जिथं, तिथं त्याचा नंबर. आम्ही बायका बाजूला, लिंबाच्या सावलीत. टँकर कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. मग वेळ कसा घालवायचा? गप्पा मारायच्या. आणि काय सांगू, आयुष्यात एवढ्या चवीच्या गप्पा मी पुन्हा मारल्या नाहीत.

पाण्याबद्दल बोलायचं नाही, हा द्वारकाचा नियम होता. “दिवसभर पाणीच पाणी. त्याला लई भाव चढलाय. आता दुसरं बोला,” असं म्हणून ती विषय काढायची. आवडतं गाणं कोणतं? आवडता सिनेमा? मला भीमगीतं आवडायची, अजूनही आवडतात. माझे वडील नांदेडला जलशात गायचे. पेटी एकाची, ढोलकी दुसऱ्याची आणि आवाज वडिलांचा. द्वारकाला देवीच्या आराध्यांची गाणी आवडायची, संबळ आणि झांज असलेली. ती म्हणायची, संबळ वाजला की माझे पाय माझे राहत नाहीत. मी तिला चिडवायची, मग ते कुणाचे होतात, माझी चप्पल तेवढी सोडून दे. तिनं मला आराध्यांचं एक गाणं शिकवलं, मी तिला वडिलांचं एक शिकवलं. ते म्हणताना ती चाल आपल्याच संबळाच्या अंगानं वळवायची आणि मी भांडायची.

सिनेमावरून तर कडाक्याची भांडणं. तिला रडवणारे सिनेमे हवेत. अर्धापूरच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये तिनं पाहिलेला प्रत्येक सिनेमा तिला पाठ होता, मधे मशीन बंद पडलं तेव्हा कोण काय ओरडलं ते धरून. मला खलनायक आवडायचे, कारण त्यांना बोलायला चांगलं मिळतं. नाटकाबद्दल मात्र ती गप्प व्हायची, कारण पडदा असलेलं नाटक तिनं पाहिलंच नव्हतं. तिच्या गावात भारूड व्हायचं आणि तिचा चुलता त्यात बाईचं सोंग घ्यायचा. मी नांदेडला स्पर्धेच्या नाटकात काम केलं होतं. दोन अंकांत एक वाक्य. “बाईसाहेब, पाहुणे आले.” ते वाक्य द्वारकानं माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की टँकर वळणावर दिसला की रांगेतल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडायच्या, “बाईसाहेब, पाहुणे आले!” ड्रायव्हर बिचारा लाजायचा.

आणि द्वारका ओव्या बांधायची. बसल्या बसल्या, जिभेवर. टँकरच्या ड्रायव्हरवर, आमच्या साहेबांवर, माझ्या एका वाक्यावर. बायका हसून हसून भांड्यांवर पडायच्या. एकदा आमचे हेडक्लार्क तिथून सायकलवर चालले होते. ते थांबले, पाय टेकवला आणि म्हणाले, “लोकं पाण्यावाचून परेशान होऊन राहिलीत आणि तुम्हाला गाणी सुचून राहिली. सरकारी नोकरीतल्या बाया तुम्ही. शोभतं का हे?”

शोभतं का, हा शब्द मी तिथं पहिल्यांदा अंगावर घेतला. त्यांचं मन वाईट नव्हतं, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा नाही म्हटलं. तेव्हा मी म्हणाले, “साहेब, तुमचाबी हंडा रांगेत हाय. गाण्यानं त्याचा नंबर मागं गेला का?” ते सायकल ढकलत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला आवक-जावकच्या टेबलावर बसवण्यात आलं, जिथं पंखा पोचत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी हजेरीपट आणायला किल्लारीकडच्या एका कामावर गेलो होतो. जीपमधून उतरलो तर आधी कानावर गाणं आलं, मग घणांचा आवाज. खडी फोडणाऱ्या बायका गात होत्या. पदरानं तोंडं बांधलेली, हात फुटलेले, आणि गाणं चाललेलं. ज्यांच्या दुःखासाठी आम्ही गप्प बसावं म्हणून आम्हाला सांगितलं जात होतं, त्या गप्प नव्हत्या. मी तेव्हापासून एक गोष्ट धरून बसले आहे. गरिबाच्या दुःखाचा मान राखायला त्याचं गाणं बंद करा असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा पोटभर जेवलेला असतो. वडील म्हणायचे, आपल्याला विहिरीवर येऊ देत नव्हते तेव्हाच आपण गाणी बांधली. पाणी मिळाल्यावर गाऊ म्हणून थांबलो असतो, तर अजून विहिरीबाहेरच उभे असतो.

तर, समुद्र. तो विषय शेवटी यायचा. रांगेतल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. कुणी म्हणायची, तो म्हणे ओरडतो. कुणी म्हणायची, त्याच्यापुढं उभं राहिलं की पाय आपोआप आत जातात. माझी मोठी बहीण रत्नागिरीकडं एका खेड्यात नर्स होती, तिथंच एका शिक्षकाशी तिचं लग्न झालेलं. तिचं बोलावणं नेहमीचंच असे, आणि माझं जाणं नेहमीच राहून जात असे. द्वारका म्हणायची, “तुझी सख्खी बहीण समुद्राकाठी ऱ्हाते अन् तू हितं कोरड्या बादलीपाशी बसून राहिलीस. खुळी हायेस.”

मग भर उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, उदगीरला, धान्याचा व्यापार असलेल्या घरात. साखरपुड्याला मी अर्धापूरला गेले होते. उदगीरचे पाहुणे आले ते ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी घेऊनच. गावातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, माणसं जाणती हायेत म्हणाले. त्या सालात ती रीतच पडून गेली होती. कुणाच्या घरी जायचं तर आपलं पाणी आपण घेऊन जायचं. यजमानाच्या रांजणाला हात लावायचा नाही. बारसं असो, साखरपुडा असो की नुसता चहा, पाहुण्याच्या हातात तांब्या नाहीतर कॅन असायचा. त्याशिवाय येणाऱ्याला लोक मनातल्या मनात निलाजरा म्हणायचे.

साखरपुड्यात ठरलं की लग्न दिवाळीनंतर, आणि नोकरी सोडायची. हे द्वारकाला कुणी विचारलं नव्हतं. परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. अर्धापूरच्या बागा मागं पडल्या. मग म्हणाली, “विमे, एकदा तिकडं गेले की मला कोण समुद्राला सोडतंय? आत्ताच जाऊ.”

“आत्ता? मे महिना हाय. टँकर हाय. काम हाय,” मी म्हणाले.

“आत्ता न्हाई तर कंदीच न्हाई.”

तिनं रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी लिहिलं, समुद्र पाहणे. हेडक्लार्कनी तो परत केला. तिनं तसाच पुन्हा दिला. तिचा भाऊ लातूरला आला आणि आमच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, “बाप बागंत बसून रडून राहिला, अन् तुला फिरायचं सुचलं? लोक काय म्हणतील? पाव्हणे काय म्हणतील?” ती चूल फुंकत होती. तोंड न वळवता म्हणाली, “मी हितं बसले तर बागंला पाणी येणार हाय का दादा? येत असंल तर सांग, बसते.” भाऊ चहा न घेता गेला. त्यानं स्वतःचं पाणी आणलं होतं, तेही तसंच घेऊन गेला. द्वारका त्यानंतर बराच वेळ फुंकत होती आणि चूल कधीच पेटलेली होती.

आम्ही निघालो. लातूर ते सोलापूर, सोलापूर ते कोल्हापूर आणि मग घाट. द्वारकाच्या मांडीवर पाण्याचा कॅन. गोड्या तेलाचा रिकामा कॅन राखेनं घासून घेतलेला, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून घट्ट केलेला. मी तिला म्हणाले, तिकडं पाण्याला तोटा नसतो. ती म्हणाली, “आपण कुणाच्या घरी चाललोय का न्हाई? मग आपली रीत आपल्यापाशी.” मी वाद घातला नाही. माझ्याही पिशवीत तांब्या होताच, तो घाटाआधी संपला. तिनं मात्र कॅनमधला एक घोटही स्वतः घेतला नाही. पाहुणीचं पाणी म्हणून राखून ठेवलं. घाट उतरताना तिला हिरवं दिसायला लागलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली, आणि कुणीतरी आपल्याला फसवतंय असा तिचा चेहरा होता.

ताईचं घर बौद्धवाडीत, आमराईच्या कडेला. ताई दवाखान्यात होती. घरी तिच्या सासूबाई होत्या, त्यांना घरात सगळे आये म्हणत. बारीक अंगाची, कासोट्याची म्हातारी. अंगणात विहीर. आयेनं कळशी भरून आणली, पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं. मी घटाघटा प्याले. कोकणातल्या पाण्याला मातीचा एक थंड वास असतो, तो मला आजही आठवतो.

आयेनं दुसरा तांब्या द्वारकासमोर धरला. द्वारका अदबीनं मागं सरकली आणि म्हणाली, “नगं नगं. माझं हाय.” आणि तिनं पिशवीतून कॅन काढला, झाकण फिरवलं आणि त्यातलं पाणी प्यायला लागली.

आयेचा हात तसाच राहिला. मग तांब्या खाली आला. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “ही कोण गो तुझी?”

“मैत्रीण. अर्धापूरची,” मी म्हणाले.

“नाव?”

द्वारकानं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. आयेनं मान हलवली. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. त्या म्हणाल्या, “गावच्या हिरीवर आम्हाला पाय ठेवायला देत नव्हते. म्हनून माझ्या घोवानं आनी दिरानं ही हीर खनली. कातळ फोडून. आज माझ्या नातसुनांपर्यंत सगली हिचा पानी पितात. बाय, तुला नाय चालत तर नको पिऊ. पन माझ्या ओटीवर बसून नको तुझा पानी पिऊ.”

मला आधी काय झालं ते कळलंच नाही. मग कळलं. खोलीच्या दारातून गादी डोक्यावर घेऊन माझ्यामागं आलेली ही मुलगी. तिच्यावर हा आळ? आणि आयेला चुकीचं तरी कसं म्हणू? त्या बाईनं जन्मभर जे पाहिलं, तेच तिला दिसलं. आमची दुष्काळाची रीत घाट उतरून कोकणात आली आणि तिचा अर्थच उलटा झाला. मला दोघींचाही राग आला, आणि दोघींच्या वतीनं लाज वाटली.

द्वारकाचा चेहरा आधी कोरा होता. मग तिलाही कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं, पण द्वारका तशी नव्हती. तिचा चेहरा तापला. ती उठली, ओटीवरून उतरली, विहिरीवर गेली. दोर सोडला, पोहरा बुडवला आणि सरसर ओढला. आमच्याकडच्या विहिरी खोल, तिचे हात त्याला सरावलेले. पोहरा काठावर टेकवून तिनं ओंजळ लावली आणि प्यायला लागली. पीत राहिली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, पोलक्यावर, पदरावर. वर्षभर मापून पाणी पिणारी बाई. मी कुणाला असं पाणी पिताना पुन्हा पाहिलं नाही. श्वास घ्यायला थांबली, तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ लावली. आये बघत होत्या.

मग ती तशीच ओली ओटीवर आली. कॅन उचलून आयेपुढं धरला.

“आमच्याकडं दुष्काळ हाय, आये. पाव्हणा यजमानाचं पाणी पीत न्हाई, आपलं घेऊन येतो. तुमच्या रांजणाला भार नगं म्हणून. ती आमची रीत हाय, दुसरं काई न्हाई. लातूरच्या टँकरचं पाणी हाय हे. आता तुम्ही प्या.”

तिच्या आवाजात विनवणी नव्हती. हे मला आजही फार आवडतं. तिनं माफी मागितली नाही, कारण चूक झाली नव्हती. तिनं फक्त कॅन पुढं धरून ठेवला.

आयेनं कॅन घेतला, आणि वरून ओतून न घेता तोंडाला लावून प्याल्या. एक घोट. त्यांचं सगळं तोंड वाकडं झालं. टँकरचं पाणी, तेलाचा वास, दोन दिवसांचा प्रवास, त्यात उन्हानं तापलेलं. तो घोट त्यांनी कसाबसा गिळला.

“ह्या पानी पिता तुम्ही?”

“हाव.”

“रोज?”

“येईल त्या दिवशी.”

तेवढ्यात माझ्या तोंडून काहीतरी बोलायचं म्हणून निघालं, “आये, ही ओव्या लई चांगल्या बांधते. आम्ही रांगेत बसून गाणी म्हणतो.”

आये खो खो हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, पदर डोळ्यांना लावला. “ह्या पानी पिऊन गानी म्हनता?” त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. “ह्या पानी पिऊन?” संध्याकाळी ताई दवाखान्यातून आली तेव्हा आये आणि द्वारका विहिरीच्या कठड्यावर बसून एकमेकींना गाणी शिकवत होत्या. ताईला कुणी काही सांगितलं नाही.

समुद्रावर आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, आये पुढं आणि आम्ही मागं. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि तो दिसला. द्वारका थेट पाण्यापर्यंत गेली, लाट पायावर येऊ दिली, आणि मग कमरेवर हात ठेवून तिनं समुद्राला झापायला सुरुवात केली.

“एवढं! एवढं घेऊन बसलास! अन् घोटभर कामाचं न्हाई! लाज वाटत न्हाई का रे? तिकडं माझ्या बापाची बाग उभ्यानं जळून गेली, अन् तू हितं खामखा उड्या मारून राहिलास!”

किनाऱ्यावर जाळी सुकवणारी माणसं माना वळवून बघायला लागली. आये वाळूत बसून हसत होत्या. माझा बांध तिथं फुटला. मी रडले, तोंड उघडं टाकून रडले. वर्षभर कुणापुढं रडले नव्हते. आणि द्वारका, झापून झाल्यावर, तिथंच उभी राहून गायला लागली. बांधलेली नव्हती, त्या क्षणी आलेली ओवी.

दूर गावच्या पाव्हण्या, न्हाई आलो मागायाला
एवढं पाणी कशापायी, आलो तुला पुसायाला

तिनं ती दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा मी उचलली, चौथ्यांदा आयेनं, कोकणी वळणानं. आम्हाला तिथं कुणी विचारलं नाही, शोभतं का म्हणून. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दुष्काळानं आमची विहीर नेली, बाग नेली, अंगावरचं मांस नेलं. गळाही त्यालाच देऊन टाकायचा का? तो आमचा आहे. तो शेवटपर्यंत आमच्याकडंच राहील.

परतताना आयेनं कॅन स्वतः घासला आणि विहिरीच्या पाण्यानं भरून द्वारकाच्या हातात दिला. “तुझ्या बापाशीला दे,” म्हणाल्या. तो कॅन दोन दिवस तिच्या मांडीवर होता. अर्धापूरला तिच्या वडिलांनी ते पाणी ओंजळीत घेऊन आधी वास घेतला, मग प्याले, आणि उरलेलं एका केळीच्या बुंध्याला घातलं. ती केळ जगली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ती जगली नाही.

द्वारकानं दिवाळीनंतर लग्न केलं, पण नोकरी सोडली नाही. उदगीरला बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत राबली. सासरच्यांनी काय म्हटलं ते ती सांगत नाही. मी विचारत नाही. तेव्हापासून आमच्या दोघींत एक पद्धत आहे. ती माझ्याकडं येते तेव्हा पाणी घेऊन येते, पाऊस असो की नसो, आणि ते मी पिते. मी तिच्याकडं जाते तेव्हा माझं ती पिते. तिची सून हसते, म्हणते, दोघींच्या घरी आता शुद्धीकरणाचं मशीन आहे की. आम्ही तिला सांगत बसत नाही.

काल मी ग्रुपवर उत्तर लिहिलं. ‘कार्यक्रम होणार. मंडळाला नको असेल तर माझ्या गच्चीवर होईल. येताना आपापलं पाणी आणावं. गाणी आमच्याकडे आहेत.’ मग समोरच्या घरातल्या एकीनं विचारलं, संबळ चालेल का? माझा भाऊ वाजवतो. मग दुसरी, मग तिसरी. अध्यक्षबाई ग्रुप सोडून गेल्या. त्या आल्या तर त्यांनाही सतरंजीवर जागा आहे.

मी द्वारकाला फोन केला. आज दुपारच्या बसनं ती आली. गुडघे दुखतात म्हणून जिना एकेक पायरी चढत होती, आणि अर्ध्यावरूनच तिचा आवाज आला, “बाईसाहेब, पाहुणे आले!” वर आली, दारात टेकली, धापा टाकत पिशवीतून बाटली काढली आणि माझ्यापुढं धरली.

“उदगीरच्या टँकरचं हाय,” ती म्हणाली. “लई खराब.”

मी बाटली तोंडाला लावली. खरंच खराब होतं. सगळं प्याले, तोंड पुसलं, आणि तिला म्हणाले, “हं, आता सूर धर.”